ठिय्यात बसू का? फिनलंडमधल्या एका मराठी विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण त्या मुलीच्या संमतीने लिहिते आहे. तिचं गाव आणि विषय बदलला आहे, विद्यापीठाचं नाव घेतलेलं नाही. सार्वजनिक घटनांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत. मी फिनलंडमध्ये बरीच वर्षं राहते. नव्याने आलेली मराठी मुलं घर, परमिट (इथे राहण्याचा परवाना), नोकरी यांबद्दल मला फोन करतात. सल्ला देणं हा माझा व्यवसाय नाही, तरी माझ्या सल्ल्यावर मुलं निर्णय घेतात, म्हणून तो कुठे चुकला हे मांडणं मला गरजेचं वाटतं.

पार्श्वभूमी

मुलगी सांगलीकडची. ऑगस्ट २०२२ मध्ये दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी आली. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना इथे इंग्रजी माध्यमातल्या पदवीसाठी २०१७ पासून फी आहे. हेलसिंकी विद्यापीठात मास्टर्सची फी तेव्हा वर्षाला १३ ते १८ हजार युरो होती, इतरत्रही थोड्याफार फरकाने तसंच. हिला अर्धी फी माफ होती, पण वर्षाला ठरलेले क्रेडिट पूर्ण केले तरच. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज, त्याला वडिलांचं घर तारण आणि काका जामीनदार. परमिटसाठी महिना ५६० युरोप्रमाणे वर्षाचे ६,७२० युरो खात्यात दाखवावे लागले, तेही काकांनीच उभे केले होते. विद्यार्थी परमिटवर आठवड्याला सरासरी तीस तास काम करता येतं. ती एका हॉटेलात खोल्या साफ करायची. शनिवार, रविवार आणि आठवड्यातले दोन दिवस, पहाटे उठून.

मित्र फिनिश, तिच्याच वसतिगृहातला. ओळख झाली ती सुईदोऱ्यावरून. इथल्या विद्यार्थ्यांचा एक पोशाख असतो, कारखान्यातल्या कामगारासारखा अंगभर डगला. प्रत्येक विषयाचा रंग ठरलेला. कार्यक्रमांना गेलं की कापडी बिल्ले मिळतात आणि ते हाताने शिवायचे असतात. सामाईक स्वयंपाकघरात तो बिल्ला शिवत बसला होता आणि दोरा सारखा गुंतत होता. हिने डगला ओढून घेतला आणि आजी वाकळ शिवायची तसा बारीक धावदोरा घालून दिला. पुढच्या वर्षभरात त्या डगल्यावरचे निम्मे बिल्ले हिच्या हातचे झाले. तिच्या स्वतःच्या डगल्यावर मात्र तेव्हा तीनच होते.

वसतिगृहाच्या क्लबरूममध्ये शुक्रवारी चित्रपट लावत. मे महिन्यात १९६०च्या दशकातला एक कृष्णधवल फिनिश चित्रपट लागला. विद्यार्थी, त्यांच्या प्रेमातले गुंते आणि खिडकीबाहेर बदलत चाललेला देश. चित्रपट संपल्यावर मित्राने तिला १९६८ची गोष्ट सांगितली. हेलसिंकी विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाला १०० वर्षं होणार होती. त्याच्या आदल्या संध्याकाळी, २५ नोव्हेंबरला, विद्यार्थ्यांनी जुन्या विद्यार्थी भवनाचा ताबा घेतला. भवन सरकारचं नव्हतं, त्यांच्याच संघाचं होतं. १८७० मध्ये देशभरातून वर्गणी गोळा करून ते बांधलेलं, आणि दर्शनी भागावर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे: देशाने आपल्या आशेला हे दिलं. आत बसलेल्यांचं म्हणणं होतं की सोहळे कसले करता, विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापकाला जेवढं मत तेवढंच विद्यार्थ्याला आणि शिपायाला द्या. नंतर सरकारने तसं विधेयकही आणलं, पण १९७० मध्ये विरोधकांनी संसदेत भाषणं लांबवून ते अडवलं.

ती मला नंतर म्हणाली, "ताई, मला आधी हसू आलं. स्वतःच्याच घरावर कब्जा!" पण पुढच्या रविवारी दोघं हेलसिंकीला गेले आणि ती ते दगडातलं वाक्य बघून आली.

जून २०२३ मध्ये नवं उजवं आघाडी सरकार आलं. त्याच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांच्या घरभाडे भत्त्याला कात्री होती. शिक्षण भत्ता महागाईनुसार वाढायचा, तो गोठवायचा होता. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं पान होतं: फी पूर्ण खर्चाइतकी करायची, आणि कामाच्या परमिटवरच्या माणसाची नोकरी गेली तर तीन महिन्यांत नवी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. त्याच उन्हाळ्यात काही मंत्र्यांचं जुनं वंशद्वेषी लिखाण बाहेर आलं. ३ सप्टेंबरला हेलसिंकीत वंशद्वेषाविरुद्ध दहा हजारांहून मोठा मोर्चा निघाला. दोघं त्यात होते. तिच्या आयुष्यातला पहिला मोर्चा. ती फुटपाथवरून चालली, रस्त्यावर उतरली नाही.

पेच

१९ सप्टेंबर २०२३, मंगळवार. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि त्याच दिवशी हेलसिंकी विद्यापीठाच्या पोर्थानिया इमारतीत विद्यार्थ्यांनी कपातींविरुद्ध ठिय्या मांडला. दोन-चार दिवसांत लोण देशभरातल्या विद्यापीठांत पोचलं. गुरुवारी हिच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतही गाद्या, थर्मास आणि फलक आले. मित्र पहिल्या रात्रीपासून आत होता.

शनिवारी आमच्याकडे गौरी-गणपतीचं विसर्जन होतं. इथे ते न्हाणीघरात, बादलीत. आरती झाली, माणसं पांगली, आणि ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "ताई, मी तिथे बसले तर माझं परमिट जाईल का?"

या एका प्रश्नात खरं तर चार प्रश्न होते. पहिला कायद्याचा. दुसरा पैशाचा, कारण शिष्यवृत्ती क्रेडिटवर होती आणि पहाटेचं काम सुटून चालणार नव्हतं. तिसरा मित्राचा: तो रात्रंदिवस तिथे, ही खोलीत एकटी, आणि 'तू येणार की नाही' हे त्याने दोनदा विचारलेलं. चौथा तिने तेव्हा बोलूनही दाखवला नाही. ज्या भत्त्यांसाठी हे सगळं चाललं होतं, ते तिला मिळतच नाहीत. विद्यार्थी परमिटवरच्या परदेशी मुलांना इथला सरकारी शिक्षण भत्ता नाही. मग हे भांडण तिचं आहे का?

मी पहिल्याच प्रश्नाला उत्तर दिलं, आणि तेही नीट माहिती न घेता. म्हटलं, "बाई गं, आपण परक्या देशात आहोत. घरावर कर्ज आहे. लांब राहा." तिने मान डोलावली. मोदकांचा डबा घेऊन गेली.

समोर असलेले पर्याय

पुढच्या दोन दिवसांत तिने आणि मी वेगवेगळं, मग एकत्र, जे पर्याय मांडले ते असे.

अजिबात न जाणं. परमिट, क्रेडिट, काम, सगळं सुरक्षित. पण मित्राशी रविवारीच भांडण झालं होतं. तो म्हणाला, तू घाबरतेस. ती म्हणाली, "तुला काय, तुझा पासपोर्ट लाल आहे." लाल म्हणजे फिनिश. दोघांचंही बरोबर होतं असं मला आज वाटतं.

मित्रासोबत पूर्ण वेळ, रात्रीही. मन इथे ओढत होतं. मात्र पहाटेची पाळी बुडाली असती, आणि मुख्य म्हणजे ती तिथे त्याची मैत्रीण म्हणून बसली असती. चर्चा फिनिशमध्ये, तिचं फिनिश बाजारहाटापुरतं.

फक्त दिवसा, व्याख्यानांच्या मधल्या वेळात जाणं, आणि पोलिसांनी किंवा विद्यापीठाने बाहेर पडायला सांगितलं तर लगेच उठणं.

ठिय्याबाहेर राहून काम करणं: पत्रकं इंग्रजीत आणणं, विद्यार्थी संघाकडे फीचा प्रश्न नेणं. हा पर्याय मी सुचवला. मला तो शहाणपणाचा वाटत होता. तिला तो पळवाट वाटला, आणि त्यामागचं कारण मला उशिरा कळलं: तिला मागण्यांची यादी कुणी दाखवलीच नव्हती. जी यादी वाचलेली नाही, तिचं भाषांतर कसं करायचं?

काय काय घडलं

सोमवारी दोन भेटी झाल्या. पहिली विद्यार्थी संघाच्या सल्लागाराशी. तिथे तिला अर्ध्या तासात जे समजलं ते मला इतकी वर्षं राहून नीट माहीत नव्हतं. फिनलंडच्या राज्यघटनेच्या तेराव्या कलमातला जमण्याचा आणि निदर्शनांचा हक्क 'प्रत्येकाला' आहे, फक्त नागरिकाला नाही. विद्यापीठ शिस्तभंगासाठी ताकीद देऊ शकतं किंवा जास्तीत जास्त एक वर्षासाठी काढू शकतं. तसं काढलं तर अभ्यास थांबेल, आणि मग परमिटचा प्रश्न खरा होईल. पोलिसांनी उठायला सांगितल्यावर न उठणं हा दंड होण्याजोगा गुन्हा आहे. म्हणजे धोका शून्य नव्हता. पण तो नुसतं बसण्यात नव्हता, उठायला सांगितल्यावर न उठण्यात होता. तिथल्या विद्यापीठाने तोवर ठिय्याला आडकाठी केलेली नव्हती.

दुसरी भेट मित्राच्या आजीची. आजी पंच्याहत्तरीच्या, नातवाला आणि त्याच्या सोबत्यांना पुल्ला द्यायला आल्या होत्या. पुल्ला म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव. कागदी पिशवी उघडली की थेट आपल्या शिऱ्याचा वास येतो. इमारतीबाहेरच्या बाकावर तिघं बसले, नातू दुभाषा. मुलीने उत्सुकतेने विचारलं, १९६८ला तुम्ही होतात का आत? आजी म्हणाल्या, नाही. त्या हेलसिंकीत नर्सिंग शिकत होत्या आणि त्या रात्री त्यांची पाळी होती. दुसऱ्या दिवशी वॉर्डमधल्या एका रुग्णाच्या वर्तमानपत्रात फोटो पाहिला. आत बसलेल्यांपैकी काही जण पुढे मोठे झाले, त्यांचे फोटो त्या आयुष्यभर टीव्हीवर बघत आल्या. तक्रारीचा सूर नव्हता. मग त्यांनी उलट विचारलं, "इथे रात्री कोण थांबतं? आणि सकाळी कामाला कोण जातं?"

नातवाने भाषांतर केलं आणि गप्प बसला. सकाळी कामाला जाणारी शेजारीच बसली होती.

हा क्षण मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. तोवर मुलीच्या मनात प्रश्न 'धाडस आहे की नाही' असा होता, आणि मित्रानेही तो तसाच केला होता. आजींच्या प्रश्नानंतर तो वेळेचा आणि पैशाचा झाला. कोणाला रात्र परवडते? ज्याला पहाटे पाचला बादली उचलायची नाही त्याला. ही गोष्ट तिने मला फोनवर सांगितली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा चिडलेला होता, आणि मला त्या चिडण्याचं बरं वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी ती सभेला गेली. साठेक मुलं जमिनीवर बसलेली. सहमती असेल तर दोन्ही हात वर करून बोटं हलवायची, अशी खूण. चर्चा फिनिशमध्ये. पहिला तासभर तिला काही कळलं नाही. मित्र कानात सांगत होता, ते तिला नको झालं. शेवटी तिने हात वर केला आणि इंग्रजीत म्हणाली, मला मागण्या वाचायच्या आहेत. कागद हातात आला. भत्ते होते, घरभाडं होतं, मानसिक आरोग्य सेवा होत्या. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीबद्दल एक ओळ नव्हती.

तिने विचारलं, का नाही? उत्तरं प्रामाणिक होती. एक जण म्हणाला, सुचलं नाही. एक मुलगी म्हणाली, मागण्या वाढवल्या की धार जाते. तिचाही मुद्दा अगदीच चूक नव्हता. आणखी कोणी म्हणालं, ती कपात नाही, वाढ आहे, विषय वेगळा. त्यावर या मुलीने जे सांगितलं ते तिच्या शब्दांत देते: "तुमचा भत्ता कमी होणार म्हणून तुम्ही बसलात. माझ्या मागून येणाऱ्या मुलीला दारच बंद होणार आहे. ती इथे बसायला येऊ शकणार नाही, म्हणून तिचं मी बोलतेय." पाऊण तास वाद झाला. दोन ओळी जोडल्या गेल्या, एक फीवर, एक तीन महिन्यांच्या नियमावर. सभा पुढे इंग्रजी आणि फिनिश दोन्हींत चालावी असंही ठरलं. ते मात्र दोन दिवसच टिकलं.

त्यानंतर तिने तिसरा पर्याय धरला. रोज दुपारी दोन ते सहा. एक टेबल घेतलं, त्यावर फीचं कोष्टक डकवलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत बसली. रात्री खोलीवर. सल्लागाराचा फोन नंबर खिशात.

एक निर्णय मात्र कोणीच घेतला नाही, आणि तोच अंगावर आला. गुरुवारी, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, कोणीतरी टेबलाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. डगला घातलेली ही, मागे लाल अक्षरांतला फलक. दोन तासांत तो पुण्यातल्या चुलत भावाकडून सांगलीत पोचला. वडिलांचा फोन आला: "शिकायला गेलीस का मोर्चे काढायला? काकाला काय तोंड दाखवू?" काकांनी तर थेट विचारलं की हप्ते सुरू व्हायच्या आधी हिला हाकललं तर पैसे कोण भरणार. ती रात्रभर रडली. परमिटची भीती तिने नियम वाचून घालवली होती. पण जामीनदाराच्या भीतीवर कुठल्याच कलमात उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांशी बोलले. मी समजूत घालण्याच्या बेताने सुरुवात केली आणि फसले. मग सल्लागाराने सांगितलेल्या तीन गोष्टी जशाच्या तशा मराठीत सांगितल्या. ते शिक्षक आहेत. ऐकून घेतलं, म्हणाले, "हे तिनं आधी सांगितलं असतं तर मी भावाला सांगितलं असतं." यापुढे ते काही बोलले नाहीत.

निष्पत्ती

पुढच्या आठवड्यात तिच्या विद्यापीठातला ठिय्या आपसात ठरवून उठला. कोणावर कारवाई झाली नाही. परमिटला धक्का लागला नाही.

मागण्यांचं काय झालं ते सरळ सांगायला हवं. सरकार हललं नाही. एप्रिल २०२४ पासून घरभाडे भत्त्यात कपात आली, ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना सर्वसाधारण घरभाडे भत्त्यातून काढून वेगळ्या, कमी पूरक रकमेवर नेलं. परमिटसाठी दाखवायची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५६० वरून ८०० युरो झाली. तीन महिन्यांचा नियम जून २०२५ मध्ये लागू झाला. ऑगस्ट २०२६ पासून सुरू होणाऱ्या शिक्षणासाठी पूर्ण खर्चाइतकी फी ठरली. तिने टेबलावर डकवलेलं कोष्टक जवळपास ओळीने खरं ठरलं.

तिचा एक विषय त्या सत्रात राहिला. शिष्यवृत्तीसाठी क्रेडिट कमी पडले असते, पण उन्हाळी अभ्यासक्रम घेऊन तिने भरून काढले. मित्राशी नातं पुढच्या वसंतात संपलं. ठिय्यामुळे, असं ती म्हणत नाही. तो पदवीनंतर दुसऱ्या देशात गेला आणि दोघांनीही ओढून धरलं नाही. आजींकडे ती अजून जाते.

ती पुढे विद्यार्थी संघाच्या प्रतिनिधी मंडळासाठी उभी राहिली, थोडक्यात पडली, राखीव सदस्य झाली. फीचा विषय तिथे तिने दोनदा मांडला. १३ एप्रिल २०२५ ला नगरपालिका निवडणूक होती. ठरावीक काळ, आपल्यासारख्यांसाठी दोन वर्षं, इथे वास्तव्य असलेल्या परदेशी माणसालाही त्यात मत असतं. तिने मत दिलं. मतदानानंतर कॉफी प्यायची इथली रीत आहे, ती कॉफी तिने आजींकडे घेतली.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्यापासून सुरुवात करते. तिने परमिटबद्दल विचारलं तेव्हा मला नियम माहीत नव्हते. 'मला माहीत नाही, सोमवारी विचारू' हे वाक्य मी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी माझी भीती तिला नियम म्हणून दिली. आमच्या पिढीने इथे मान खाली घालून दिवस काढले, त्यात वाईट काही नव्हतं. पण ती आमची सवय आहे, देशाचा कायदा नाही. तिच्या जागी थोडी अधिक भिडस्त मुलगी असती तर प्रकरण माझ्या न्हाणीघरातल्या बादलीपाशीच संपलं असतं.

घरच्यांना आधी सांगणं हा दुसरा मुद्दा. परवानगीसाठी नाही, ती सज्ञान आहे. पण ज्यांचं घर तारण आहे त्यांना फोटोआधी फोन जायला हवा होता. मी परदेशातल्या जोखमीचा विचार केला आणि सांगलीतली विसरले. आता कोणी असं विचारलं तर मी आधी हे विचारते: कर्ज कोणाच्या नावावर, जामीनदार कोण, आणि त्यांना तुझ्याकडून कळणार की दुसऱ्याकडून?

फोटोबद्दल तिने टेबलावर चिठ्ठी लावली असती, किंवा सभेत एक वाक्य बोलली असती, तर बहुतेक मुलांनी ऐकलं असतं. आयोजकांनीही परमिटवरची मुलं आपल्यात बसली आहेत हे लक्षात घेऊन फोटोचा नियम पहिल्या दिवशीच करायला हवा होता. सगळ्यांना सारखाच धोका आहे असं धरून चालणं ही त्यांची चूक होती, वाईट हेतू नसला तरी. सभा एका भाषेत चालवणंही त्यातलंच.

मित्राने तिला 'घाबरतेस' म्हणण्याऐवजी मागण्यांचा कागद दिला असता तर? मी हे तिला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग कदाचित मी सही करून घरी गेले असते.

हा मजकूर मी तिला वाचायला पाठवला. तिने एकच दुरुस्ती मागितली. मी आधी लिहिलं होतं की ती मित्रासाठी ठिय्यात गेली नव्हती. तिने लिहिलं: "ताई, पहिल्यांदा त्याच्यासाठीच गेले होते. ते तसंच ठेवा."